सतराव्या पानापासून पुढे

३ ऑगस्ट २०२५, रविवार

"वापस आली का सांगीन तुले, पुढं काय झालं ते." वर्षा राठोड मला हे म्हणाली त्याला येत्या दिवाळीनंतर तेहतीस वर्षं होतील. आम्ही तेव्हा बारा वर्षांच्या होतो. आज हे वाक्य आठवायचं कारण अगदी लहान आहे, म्हणून आधी मोठी बातमी लिहिते. मी धंदा सुरू करते आहे.

झालं असं. आमच्या महागावच्या वाचनालयात आज डोळे तपासणीचं शिबिर होतं. यवतमाळचे चष्मेवाले लखन जयस्वाल आले होते. समितीच्या ठरावाप्रमाणे गेले चार दिवस मी फाटक्या पुस्तकांवर 'रद्द'चा शिक्का मारते आहे. मुलांच्या कॉमिक्सचा एक गठ्ठा सुतळीने बांधून दाराशी ठेवला होता. लखनभाऊ मथुराबाईंना अक्षरं वाचायला लावत होते, तेवढ्यात त्यांची नजर गठ्ठ्यावर गेली.

"मॅडम, हे कोनाचं हाय?"

"वाचनालयाचं. रद्दीत चाललंय."

"रद्दीत," ते म्हणाले, दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलतात तशा आवाजात.

पुढचा अर्धा तास मथुराबाई एका डोळ्यावर काळी काच घेऊन खुर्चीत बसून होत्या आणि लखनभाऊ फरशीवर मांडी घालून भिंगातून कॉमिक्सच्या पिना बघत होते. शेवटी मथुराबाई म्हणाल्या, "भाऊ, माह्या डोळ्यात काही हाय का नाही? का आज पुस्तकायचेच डोळे तपासून राह्यले?"

जुनी सुपरहिरो कॉमिक्स जमवणारे लोक असतात, हे मला आज कळलं. लखनभाऊ नुसते जमवत नाहीत, दर्जा ठरवतात. शून्य ते दहा, तेही दशांशात. पुण्या-हैदराबादचे लोक त्यांच्या आकड्यावर डोळे झाकून विकत घेतात. म्हणजे हे दिवसा लोकांचे डोळे उघडतात आणि उरलेल्या वेळात झाकतात.

गठ्ठ्यात 'लोहपंख' या मालिकेचे तिसरा, पाचवा, नववा आणि दहावा असे अंक होते. "अकरावा नाही," लखनभाऊ म्हणाले. "असनारच नाही. अकरावा छापला अन् प्रकाशन बुडालं. पुरा अकरावा पाह्यलेला मानूस मले आजवर भेटला नाही."

"मी पाहिलाय," मी म्हणाले. "अर्धा."

हेच ते लहान कारण.

५ ऑगस्ट, मंगळवार

धम्मरत्नना सांगितलं. माझे यजमान पंचायत समितीत आवक-जावक बघतात, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा त्यांना पहिला प्रश्न एकच पडतो. "थो गठ्ठा वाचनालयाचा हाय. पावती फाडली काय?"

फाडली. रद्दीच्या भावाने मीच घेतला. पण त्याचा काही उपयोग नाही असं लखनभाऊंनी फोनवर सांगितलं, कारण प्रत्येक अंकावर वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि सतराव्या पानावर. सतरावं आमचं गुप्त पान. मुखपृष्ठ फाडून कुणी पुस्तक आपलं म्हणून सांगू लागला, की आम्ही मुकाट्याने सतरावं पान उघडतो. बावीस वर्षांत मी असे सहाजण पकडले आहेत, त्यातले दोन मुख्याध्यापक.

"शिक्का म्हंजे कॉमिकच्या कपाळावर गोंदन हो मॅडम. मरेपर्यंत जात नाही. दोनच्या वर नंबर देता येत नाही."

"आणि दहा कशाला देता?"

"ज्याले मानसाचा हात लागला नाही. जसं छापखान्यातून निघालं तसंच. कोनी वाचलंच नाही, थे दहा."

आमच्याकडे जे पुस्तक कुणी वाचत नाही त्याला आम्ही रद्द करतो.

तरीही बिनशिक्क्याची कॉमिक्स घराघरांतून गोळा करायची आणि त्यांच्याकडून दर्जा लावून विकायची असं ठरलं आहे. वाचनालयाचं मानधन किती ते इथे लिहिण्यासारखं नाही. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतःचं काही असावं असं वाटणं गैर नसावं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आठवड्यात सत्तावीस कॉमिक्स जमली. किराणा दुकानातल्या हंसाबाईंकडे नऊ निघाली, त्यांतली चार डब्यांखाली अंथरलेली. हळदीचा गोल डाग असलेल्या अंकाला लखनभाऊंनी साडेतीन दिले. "डाग गोल हाय म्हनून अर्धा वाढवला," म्हणाले.

हातमोज्यांशिवाय हात लावू नका अशी त्यांची ताकीद होती. घरात हातमोजे होते ते धम्मरत्नच्या केस काळे करायच्या डबीतले. एक बरा अंक त्यात सहावरून चारावर आला. आता त्या वीराच्या गालावर धम्मरत्नच्या मिशीचा रंग आहे.

मला सवय लागत चालली आहे. आज चहा झाल्यावर मी आपसूक म्हणाले, "पाच पूर्णांक पाच, साय आली." धम्मरत्न म्हणाले, "अन् मी?" मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कोपरे झिजलेले, कणा मजबूत, पाने सर्व. सात सांगितले. त्यांनी वर्तमानपत्र पुढे ओढलं, पण दिवसभर खुशीत होते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

लोखंडी पेटीच्या तळाशी, दहावीच्या प्रमाणपत्राखाली, माझं अर्धं सापडलं. मुखपृष्ठ आणि पहिली सोळा पानं.

आम्ही ते पुसदच्या स्टँडवर दोघींचे पैसे एकत्र करून घेतलं होतं. फुलसावंगीच्या गाडीत मांडीवर ठेवून एकत्र वाचत आलो. सोळाव्या पानाला गाव आलं. सोळाव्या पानावर लोहपंखचे पंख तेजाबाने वितळलेत, तो धरणाच्या भिंतीवरून खाली सुटलाय आणि खाली एक एवढीशी मुलगी ओढणी पसरून उभी आहे. त्या मुलीच्या ओढणीत तो मावेल असं कुणालाही वाटणार नाही. पण ती उभी आहे.

दुसऱ्या दिवशी वर्षाचे घरचे ऊसतोडीला निघणार होते, तीही. कॉमिक कुणी ठेवायचं यावरून आम्ही गाडीतच भांडलो. मग तिनेच पिना काढून घडीवर बोट दाबून ते मधोमध फाडलं, इतकं सरळ की रेषा मारल्यासारखं. सुरुवात मला दिली, शेवट स्वतः ठेवला. वापस आली का सांगीन, म्हणाली.

सांगितलं नाही. ती उन्हाळ्यात परत आली तोवर मला पुसदच्या वसतिगृहात घातलं होतं, आणि तिची शाळा सुटली ती सुटलीच. एकदा पुसदच्या स्टँडवर दिसली होती, डोक्यावर गाठोडं होतं. मी वसतिगृहाच्या मुलींबरोबर होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. स्वभावाने ती ताठच होती.

थोडक्यात, तेहतीस वर्षं तो माणूस हवेत आहे.

लखनभाऊंना फोटो पाठवला. लगेच फोन आला. "तुमच्या अर्ध्याचा नंबर शून्य पूर्णांक पाच. पन दुसरं अर्धं आनाल, अन् दोन्हीवर चिकटपट्टी-गिकटपट्टी काही नसंल, तं हैदराबादचा मानूस दिवाळीच्या आत मागंल थे देईन. मॅडम, त्याले फक्त थापा मारू नका."

टेप मारू नका, असं म्हणायचं होतं त्यांना. फार घाबरले होते.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज वाचनालयाला सुट्टी. वर्षाकडे गेले. आता ती चव्हाण आहे, फुलसावंगीच्या अलीकडच्या तांड्यात राहते, पिठाची गिरणी चालवते. मध्ये दोन-तीन लग्नांत भेटलो होतो, 'बरं आहे ना' एवढंच.

गिरणी सुरू होती. पाच-सहा बाया डबे घेऊन बसलेल्या. वर्षाच्या भुवयांवर, कानांवर पीठ. मी म्हणाले, "ओळखलं का?"

"काय म्हनता?"

"लोहपंख. आठवतं का?"

"कोन्ता पंखा?"

मी ओरडून सगळं सांगितलं. तिने नेमकी त्याच क्षणी गिरणी बंद केली, त्यामुळे "अर्धं माझ्याकडे आहे, अर्धं तुझ्याकडे आहे" हे माझं वाक्य अख्ख्या तांड्याने ऐकलं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

"असल्या गोष्टी कोन ठेवते मॅडम," वर्षा म्हणाली. "चूल पेटवाले गेलं असन. तुमी दळन आनलं काय?"

मॅडम. तुमी.

"नाही."

"मंग बाजूले व्हा, मांगं लाइन हाय."

तिने पुन्हा पट्टा चढवला. दिवस: १.५.

२५ ऑगस्ट, सोमवार

ती खोटं बोलत असेल असं मला वाटतं. धंद्यात माल नाही म्हणणाऱ्याकडे दोनदा जावं, असं लखनभाऊ म्हणतात. रिकाम्या हाताने जाता येत नाही म्हणून पाच किलो गहू घेऊन गेले.

धम्मरत्न म्हणाले, "आपल्या गल्लीत गिरणी हाय ना."

"ती जाडं दळते."

"कवापासून?"

वर्षाने विचारलं, बारीक की जाडं. मी म्हटलं बारीक. एवढंच बोलणं झालं. तिची आई जमनी याडी ओट्यावर बसली होती, ऐंशीची असेल, दंडभर जुन्या बांगड्या अजून तशाच. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

घरी येऊन डबा वजन केला. पाच किलो गव्हाचं सव्वापाच किलो पीठ. तिचा काटा बिघडलेला दिसतो.

८ सप्टेंबर, सोमवार

गेल्या सोमवारी ज्वारी, आज पुन्हा गहू आणि थोडी हरभऱ्याची डाळ. काटा अजून दुरुस्त केलेला नाही, आज तर पीठ अर्धा किलो जास्त भरलं आणि डब्यात वर कागदाच्या पुडीत सुक्या लाल मिरच्या निघाल्या. दुसऱ्या कुणाच्या डब्यातल्या इकडे आल्या असणार. इतका गलथानपणा असेल तर गिरणी चालेल कशी, याची मला काळजी वाटते.

घरात पिठाचे चार डबे भरले आहेत. पोळ्या, धिरडी, पिठलं, पुन्हा पोळ्या. धम्मरत्न म्हणाले, "आपन कॉमिकचा धंदा करून राह्यलो का पिठाचा, एवढं एक नक्की सांग. मले हापिसात लोक विचारतेत."

"ती देत नाहीये ना अजून."

"तू मांगतलं कवा? पह्यल्या दिवशी वरडली तेवढंच. लेखी अर्ज कर तिले. अर्ज केल्याबिगर नकार बी भेटत नाही."

पुरुषांना वाटाघाटी कळत नाहीत.

लखनभाऊंना आणखी अकरा कॉमिक्स पाठवली. त्यांनी सगळ्यांचे आकडे कळवले आणि शेवटी लिहिलं, 'पानायमध्ये पीठ निघून राह्यलं. कृपया लक्ष द्या.'

१५ सप्टेंबर, सोमवार

आज वर्षा नव्हती, बँकेत गेली होती. गिरणीवर तिचा नवरा होता. जमनी याडीने मला हात करून ओट्यावर बसवलं.

"थे पुस्तक मांगाले येतं ना तू? हाय ना. पेटीत हाय. माह्या फेटियाच्या खाली."

फेटिया म्हणजे त्यांचा आरशांचा घागरा. मी म्हणाले, वर्षा तर म्हणाली जाळलं.

"वर्षा काय जाळते. त्या साली फडात रोज संध्याकाळी वाचे ते. कोयते खाली ठेवले का मानसं म्हनेत, वाच वर्षा. अख्खी टोळी आयके. मुकादम बी आयके. सहा महिने एकच पुस्तक. आमाले समद्याले पाठ हाय." तिने गिरणीकडे पाहून मराठी सोडून त्यांच्या बंजारा गोर बोलीत हाक मारली, आणि एक पांढऱ्या मिशीचे गृहस्थ डबा सोडून आले. "इचार याले. शंकरसिंग, थो पंखवाला पडते ना भिंतीवरून, मंग काय होते?"

शंकरसिंग घसा साफ करून म्हणाले, "मंग थे पोरगी हाय ना—"

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. कारण एकदा शेवट कळला की मालाची किंमत कमी होते. निदान मला तरी तेव्हा असंच काहीतरी वाटलं.

शंकरसिंग नाराज झाले. ते डबा उचलून गेले तशी याडी हळू म्हणाली, "पुसदच्या स्टँडावर तिनं तुले हाक मारली होती. दोनदा. पुढचं सांगाचं होतं ना तुले. मी होती संगं. घरी येईस्तोर बोलली नाही पोरगी."

१६ सप्टेंबर, मंगळवार

मी ऐकली होती.

पहिली नाही. दुसरी.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी वंदनेला गेलो, घरी येऊन खीर केली, ती अर्थात गव्हाच्या पिठाची. पाहुण्यांनी दोनदा घेतली म्हणून वाईट नसावी.

हैदराबादच्या माणसाचा निरोप लखनभाऊंनी कळवला. दिवाळीच्या आत अकरावा अंक पुरा मिळाला तर तो स्वतः येऊन नेईल, नाहीतर त्याला दुसरीकडे पैसे गुंतवायचे आहेत. मी 'प्रयत्न सुरू आहेत' असं लिहिलं. दोन सोमवार मी तांड्यावर गेलेले नाही. दळण संपलं नव्हतं, हे एक कारण.

धंद्यात माणसाने भूतकाळ आणू नये. पण या धंद्यात भूतकाळ सोडून दुसरा माल नाही, ही एक अडचण आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

हे नीट लिहिलं पाहिजे.

सकाळी साडेदहा. टेबलावर आठ नवी पुस्तकं, देणगीतली. शाईची पेटी उघडी. मी क्रमाने शिक्के मारत होते. पहिलं पान, सतरावं, शेवटचं. बाजूला नोंदवही. दारात सावली आली म्हणून मान वर केली तर वर्षा. हातात पिठाची कापडी पिशवी. आज भुवया काळ्या होत्या, मी तिला पिठाशिवाय बरीच वर्षं पाहिली नव्हती.

"लाईटच्या हापिसात काम होतं," ती म्हणाली. आज रविवार, ते ऑफिस बंद असतं. तिला माहीत नसावं.

तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं, फुंकर मारली, पीठ उडालं, आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

"घे. तीन सोमवार आली नाहीस तं मले वाटलं, घरातले डबे सरले वाटते ठेवाले."

घे. आली नाहीस.

मी खण उघडून माझं अर्धं काढलं. तिच्या अर्ध्याला लावलं. कड कडेला बसली, सोळाव्या पानावरच्या धरणाची भिंत सतराव्या पानावर तशीच पुढे गेली. मी चित्राकडे पाहिलं नाही, फक्त कडेकडे पाहिलं. मला तिला स्टँडवरचं सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, रोज म्हणत होते. ते तोंडात जुळवत असताना हात काय करतो आहे याकडे माझं लक्ष नव्हतं.

ठक. ठक. ठक.

पहिलं पान, सतरावं, शेवटचं.

वर्षाने त्या जांभळ्या अंडाकृती ठशाकडे पाहिलं. "हे काय केलं?"

"शिक्का."

"म्हंजे?"

"म्हणजे आता ते वाचनालयाचं झालं."

ती बाकावर बसली आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. वाचणारे दोन म्हातारे वर्तमानपत्र खाली करून पाहू लागले. "तू अशीच होती," ती म्हणाली. "पाटीवर पह्यले नाव लिहे, मंग गनित. गनित चुकलं तरी नाव राहे."

मीही हसले. हसत असताना ते वाक्य सांगता आलं असतं, पण तिची साडेअकराची गाडी होती. दारातून तिने मागे वळून म्हटलं, "वाच आता." आणि थोडं थांबून, "तेहतीस साल झाले, लवकर वाच."

नोंदवहीत लिहिलं. दाखल क्रमांक ६२१८. लोहपंख, अंक ११. देणगीदार: दीपमाला मनवर व वर्षा राठोड. चव्हाण लिहायचं राहिलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

लखनभाऊ यवतमाळहून खास आले. हातमोजे घातले, भिंग लावलं, दोन्ही अर्धी सफेद कापडावर ठेवली. पहिलं पान पाहून त्यांनी डोळे मिटले. सतरावं पाहून भिंग काढून ठेवलं.

"मॅडम, हे शून्य पूर्णांक तीन," ते म्हणाले. "तेबी चुकून. हे आता कॉमिक नाही, सरकारी दस्तऐवज झालं."

मी पाणी दिलं. ते बराच वेळ दोन्ही कडा जुळवत बसले. बोटाने नाही, नजरेनेच. "फाडनाऱ्यानं फाडलं मात्र काय," म्हणाले. "एक तंतू इकडचा तिकडं नाही."

मग त्यांनी हैदराबादला फोन लावला. तिथून आलेलं उत्तर ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्या माणसाला शिक्का चालेल. कॉमिक जगात एकच म्हटल्यावर शिक्का असला तरी त्याला हवं आहे. फक्त वाचनालयाची मालकी नको. शिक्क्यावर 'रद्द'चा शिक्का मारून मिळाला की झालं. "सतराव्यावर एक ठोका मॅडम. समितीचा ठराव तं हायच तुमच्याजवळ."

हे खरं होतं. ठराव आहे. फाटकी पुस्तकं रद्द करावीत, आणि याच्याइतकं फाटकं वाचनालयात दुसरं काही नाही.

मी खण उघडला. 'रद्द'चा शिक्का समोरच होता. ऑगस्टमध्ये मी त्याने दोनशे एकतीस पुस्तकं रद्द केली होती, हाताला घट्टा पडला होता. मी खण बंद केला.

"शिक्का तुटलाय," मी म्हणाले. "नवीन मागवायला दिवाळीनंतर मंजुरी लागते."

"उघड्या खनात मले दिसला ना हो."

"तो दुसरा."

लखनभाऊंनी माझ्याकडे, मग खणाकडे, मग सतराव्या पानाकडे पाहिलं. त्यांनी मोजे काढले आणि घडी करून खिशात ठेवले. "मॅडम, तुमाले जवळचा नंबर लागला हाय," ते म्हणाले. "जवळचं नीट दिसत नाही. शिबिराले या." पैसे न घेता तपासतो म्हणाले. ते का रागावले नाहीत हे कळलं नाही. नुकसान त्यांचंही झालं आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी झाली. हैदराबादच्या माणसाने दुसरीकडे पैसे गुंतवले. माझा धंदा सुरू आहे, या महिन्यात सहा अंक गेले, त्यातला हळदीच्या गोल डागाचा एका गृहस्थाने मुद्दाम मागून घेतला. त्याच्या आईच्या दुकानातही डबे असत म्हणे.

६२१८ कपाटात आहे. उत्तरार्ध अजून वाचलेला नाही. वेळ मिळत नाही.

धम्मरत्न जेवताना म्हणाले, "सोळा पानं चित्राची. किती टाइम लागते?"

"बघते."

"आनून दे, मी वाचून सांगतो."

"तुम्ही नाही," मी म्हणाले, जरा जोरातच. त्यांनी पोळी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाले, "मंग जिनं सांगाचं होतं तिले अर्ज कर. तुले कवाचा सांगून राह्यलो."

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून रस्त्याने ऊसतोडीच्या गाड्या चालल्या आहेत. भांडी, गोधड्या, कोंबड्या, वर बसलेल्या पोरी. एका पोरीच्या हातात काहीतरी पुस्तकासारखं होतं, गाडी वेगात होती, नीट दिसलं नाही.

अर्ज लिहिला. दळणाच्या डब्यात, गव्हावर ठेवून पाठवायचा नाही, स्वतः न्यायचा आहे. ती नाही म्हणेल. नव्या ज्वारीपर्यंत गिरणीला फुरसत नाही म्हणेल, तुले वाचता येते ना मंग वाच म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. बायांसमोर म्हणेल, तेही बरोबर आहे. तरी नक्कल इथे उतरवून ठेवते, कारण धम्मरत्न म्हणतात जावक नोंद असावी.

प्रति, वर्षा राठोड.

विषय: पुढं काय झालं ते सांगण्याबाबत.

पुसदच्या स्टँडवर तू मला दोनदा हाक मारलीस. दुसरी मी ऐकली होती. बरोबरच्या मुली विचारतील ही कोण, म्हणून थांबले नाही. तुझी सोळा पानं माझ्याजवळ आहेत, पण मी ती उघडलेली नाहीत, कारण तू सांगीन म्हणाली होतीस. तरी विनंती की एक दिवस गिरणी बंद ठेवावीस आणि लोहपंख भिंतीवरून सुटला तिथपासून मला सगळं सांगावंस. फडातलं, गाडीतलं, शाळा सुटली त्या दिवसाचंही. मी मध्ये बोलणार नाही.